दोन आठवड्यांची डोंगरयात्रा आणि एक कायदा : सिएरा नेव्हाडा, १९१५

१/
जुलै १९१५. युरोप महायुद्धाच्या खंदकांत रुतला होता. अमेरिका अद्याप त्या युद्धाबाहेर होती. कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया या लहानशा गावी पंधरा-वीस प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत एक खासदार होते, एका मोठ्या मासिकाचे संपादक होते, एका रेल्वे कंपनीचे उपाध्यक्ष होते, एका विख्यात संग्रहालयाचे अध्यक्ष होते, शिवाय लेखक आणि छायाचित्रकारही होते. पुढील दोन आठवडे खेचरांच्या तांड्यासोबत त्यांना सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडायचा होता. तेरा महिन्यांनंतर वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. डोंगरातल्या त्या मुक्कामांचा आणि या स्वाक्षरीचा संबंध काय, हे या थ्रेडमध्ये पाहू. त्या मुक्कामांवर चूल कोणी पेटवली, हेही पाहू.

२/
प्रथम भूगोल. सिएरा नेव्हाडा ही कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाने उत्तर-दक्षिण पसरलेली सुमारे ४०० मैल लांबीची पर्वतरांग. तिच्या दक्षिण भागात माउंट व्हिटनी हे १४,५०५ फूट उंचीचे शिखर आहे. पश्चिम उतारावर सिक्वोया वृक्षांची राई आहे. घनफळाच्या हिशेबाने जगातील सर्वांत मोठा मानला जाणारा 'जनरल शर्मन' वृक्ष तिथलाच. हिवाळ्यात या रांगेवर प्रचंड बर्फ पडते आणि उंच खिंडी जूनपर्यंत, कधी जुलैपर्यंतही बंद राहतात. त्यामुळे इथली डोंगरयात्रा म्हणजे उन्हाळ्यातले मोजके आठवडे. आपल्या सह्याद्रीतील भटकंतीचा हंगाम पावसाळा आणि हिवाळा. तिथले गणित नेमके उलटे.

३/
अशा सामूहिक उन्हाळी यात्रांची रीत तिथे आधीच पडलेली होती. १८९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत सिएरा क्लब स्थापन झाला. निसर्गलेखक जॉन म्यूर त्याचे पहिले अध्यक्ष. संस्थेचे एक तरुण वकील सदस्य विल्यम कोल्बी यांनी सुचवले की सभासदांना दर उन्हाळ्यात एकत्र डोंगरात न्यावे. १९०१ च्या जुलैत पहिली यात्रा योसेमिटीच्या उंचावरील टुओलमी कुरणात गेली. शंभराच्या आसपास माणसे होती. म्यूर स्वतः होते आणि त्यांच्या दोन्ही मुलीही होत्या. पुढे १९२९ पर्यंत कोल्बीच या यात्रांचे नेतृत्व करीत राहिले.

४/
इतकी माणसे डोंगरात जगवायची म्हणजे व्यवस्था हवी. तंबू, शिधा, लोखंडी चुली आणि प्रत्येकाची पथारी खेचरांच्या पाठीवरून पुढे जाई. यात्रेकरू हलक्या अंगाने चालत. स्त्रियांची संख्या लक्षणीय असे. त्या काळच्या घोळदार, पायघोळ पोशाखात दगडधोंड्यांतून चालणे अशक्य. म्हणून पोटरीपर्यंतचा आखूड घागरा आणि आत विजारीसारखे वस्त्र घालावे, अशी सूचना क्लबच देई. शहरात ज्या वेषाने भुवया उंचावल्या असत्या, तो डोंगरात शिष्टसंमत झाला. या यात्रांचे स्वयंपाकघर अनेक वर्षे चार्ली टक या चिनी आचाऱ्याकडे होते. हे नाव लक्षात ठेवा; याच तऱ्हेचे दुसरे नाव पुढे येणार आहे.

५/
कोल्बी आणि म्यूर यांचा हेतू केवळ मनोरंजनाचा नव्हता. ज्याने डोंगर पाहिला नाही, तो डोंगरासाठी भांडणार नाही, असे त्यांचे अनुमान होते. नकाशावर 'अमुक खोरे' म्हणून दिसणारी जागा एकदा पायाखालून गेली, तिथल्या नदीचे पाणी प्यायले, तिथे रात्री थंडीने कुडकुडले, की तिच्यावर घाला पडताना माणूस गप्प बसत नाही. यात्रा हे जनमत घडवण्याचे साधन होते. या साधनाची पहिली मोठी कसोटी मात्र पराभवात संपली.

६/
योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच हेच हेची नावाचे एक देखणे खोरे होते. १९०६ च्या भूकंपानंतर व आगीनंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणीप्रश्नाला नवी धार आली आणि या खोऱ्यात धरण बांधण्याची मागणी जोर धरू लागली. सिएरा क्लबने अनेक वर्षे विरोध केला. अखेर १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी धरणाला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९१४ रोजी, म्यूर निवर्तले. राष्ट्रीय उद्यान असे नाव दिल्याने जमीन सुरक्षित होत नाही, हा त्या लढ्याचा कडू धडा होता.

७/
असे का झाले? कारण उद्यानांना धनी नव्हता. यलोस्टोन १८७२ साली, सिक्वोया आणि योसेमिटी १८९० साली राष्ट्रीय उद्याने म्हणून जाहीर झाली. पण त्यांचा कारभार पाहणारे स्वतंत्र खातेच नव्हते. सिक्वोया आणि योसेमिटीची राखण १९१४ पर्यंत उन्हाळ्यापुरती येणारी घोडदळाची पथके करीत. पैसा तुटपुंजा, नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, आणि उद्यानांच्या आत खासगी मालकीचे तुकडे. गृहखात्याच्या कोपऱ्यात हा विषय पडून होता.

८/
इथे स्टीफन मॅदर यांचा प्रवेश होतो. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, १८६७ चा. टाकणखाराच्या धंद्यात त्यांनी अमाप पैसा मिळवला. सिएरा क्लबचे ते सभासद होते. १९०५ साली क्लबच्या यात्रेसोबत त्यांनी माउंट रेनियर हे शिखर सर केले होते. सामूहिक यात्रा माणसाला कशी बदलते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. जानेवारी १९१५ मध्ये ते गृहमंत्र्यांचे साहाय्यक म्हणून वॉशिंग्टनला रुजू झाले आणि उद्यानांचे काम त्यांच्याकडे आले. त्यांच्या हाताखाली होते होरेस ऑलब्राइट : वय २५, शिक्षणाने वकील, सिएराच्या पूर्व पायथ्याच्या बिशप गावचे सुपुत्र.

९/
मॅदर यांनी क्लबचीच युक्ती उचलली, पण माणसे वेगळी निवडली. क्लबने शंभर सामान्य नागरिक नेले होते. मॅदर यांनी ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे थोडे लोक बोलावले. फ्रेडरिक जिलेट हे प्रतिनिधिगृहाच्या अर्थविनियोग समितीतील विरोधी पक्षाचे वजनदार सदस्य : खजिन्याची किल्ली. गिल्बर्ट ग्रोव्हनर 'नॅशनल जिओग्राफिक'चे संपादक. अर्नेस्ट मॅकॉर्मिक सदर्न पॅसिफिक रेल्वेचे उपाध्यक्ष. हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे अध्यक्ष. एमर्सन हाफ लोकप्रिय कादंबरीकार. बर्टन होम्स चित्रफिती दाखवून प्रवासवर्णने सांगणारे व्याख्याते. खर्चाचा भार मॅदर यांनी स्वतः उचलला.

१०/
व्हायसेलियाहून मंडळी मोटारींनी जायंट फॉरेस्ट या सिक्वोयांच्या राईत चढली. रात्रीचा मुक्काम त्या वृक्षांखालीच. ग्रोव्हनर हा पर्वतप्रदेश प्रथमच पाहत होते. दोन हजार वर्षांहून जुनी झाडे, ज्यांच्या बुंध्याभोवती दहा-पंधरा माणसांनी हात धरून उभे राहावे. तिथेच कळले की या राईतील मोक्याची जमीन सरकारची नाही. ती खासगी मालकीची आहे, आणि मालकाच्या मनात आले तर कुऱ्हाड चालू शकते. संपादकाला याहून प्रभावी टिपण कोणत्याही कार्यालयाने पाठवले नसते.

११/
पुढे मोटार नव्हती. घोडी, खेचरे आणि पायवाट. मिनरल किंगच्या बाजूने फ्रँकलिन खिंड ओलांडून ते केर्न नदीच्या खोल दरीत उतरले. दिवसा ऊन, रात्री गोठवणारा गारवा. उंचीवर धाप लागे, खोगिरावर बसून मांड्या सोलवटत. काही जण माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत जाऊन आले. मॅदर यांनी प्रत्येकाला झोपायची पिशवी आणि हवा भरलेली गादी दिली होती. पाहुण्यांनी डोंगर अनुभवावा, पण वैतागून परतू नये, असा हा मोजूनमापून केलेला बेत होता.

१२/
या बेताचा कणा होते टाय सिंग. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मोजणी पथकांसोबत ते वर्षानुवर्षे सिएरात हिंडले होते आणि डोंगरातला सर्वोत्तम आचारी अशी त्यांची ख्याती होती. खात्याचे मुख्य भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट मार्शल हेही यात्रेत होते. त्यांच्यामुळेच सिंग या यात्रेला लाभले. सोबतीला एक चिनी मदतनीस. दोघांनी दररोज तळ मोडायचा, भांडी खेचरांवर लादायची, पाहुण्यांच्या आधी पुढचा मुक्काम गाठायचा, आणि मंडळी पोहोचेपर्यंत जेवण तयार ठेवायचे.

१३/
हजारो फूट उंचीवर, रस्त्यापासून कित्येक मैल आत, पाहुण्यांसमोर पांढरे मेजपोस, रुमाल आणि काटे-चमचे मांडलेले असत. सूप, ट्राउट मासे, मांस, ताजा पाव, सफरचंदाचा गरम पाय. हे कसे जमे? पावाची कणीक सकाळी मळून सिंग ती खेचराच्या अंगालगत बांधीत. जनावराच्या उबेने ती चालता चालता फुगे आणि संध्याकाळी भाजायला तयार होई. मांस ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळले जाई. पाणी उडून जाताना आतला जिन्नस थंड राही, अगदी आपल्या माठासारखे. वाटेत एक खेचर घसरून खाली कोसळले आणि स्वयंपाकाचे सामान विखुरले. तरीही जेवण चुकले नाही.

१४/
जेवणानंतर शेकोटी. तिथे मॅदर आपला विषय काढीत : उद्यानांना एक खाते हवे, खात्याला पैसा हवा, आणि त्यासाठी कायदा हवा. पोट भरलेले, पाय थकलेले, डोक्यावर तारे आणि समोर निखारे. त्या खासदाराला, त्या संपादकाला हीच गोष्ट कचेरीत सांगितली असती तर दहा मिनिटांची मुलाखत मिळाली असती. इथे मॅदर यांना दोन आठवडे मिळाले, आणि ऐकणाऱ्यांना उठून जायला दुसरी जागाही नव्हती.

१५/
पर्वत ओलांडून यात्रा पूर्वेच्या ओवेन्स खोऱ्यात लोन पाइन गावी उतरली. तिथून मोटारींनी उत्तरेकडे, बिशपमार्गे, टायोगा खिंडीतून योसेमिटीत. हा टायोगा रस्ता मुळात एका चांदीच्या खाणीसाठी बांधलेला. खाण बंद पडली आणि रस्ता ओस पडला. मॅदर यांनी स्वतःचे पैसे आणि मित्रांच्या देणग्या मिळवून तो १५,५०० डॉलरना विकत घेतला व सरकारला देऊन टाकला. जुलैच्या अखेरीस त्याचे उद्घाटन झाले आणि यात्रा संपली.

१६/
आता फळ पाहू. एप्रिल १९१६ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'चा अख्खा अंक अमेरिकेच्या निसर्गसौंदर्याला वाहिलेला निघाला. काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याला तो पोहोचवण्यात आला. विल्यम केंट आणि रीड स्मूट यांनी दोन्ही सभागृहांत विधेयक मांडले. २५ ऑगस्ट १९१६ रोजी विल्सन यांनी त्यावर सही केली आणि राष्ट्रीय उद्यान सेवा जन्माला आली. हेच हेचीच्या धरणाला मान्यता देणारा हात आणि हा हात एकच होता. मॅदर त्या वेळी कुठे होते? पुन्हा कॅलिफोर्नियात, दुसऱ्या डोंगरयात्रेवर. बातमी ऑलब्राइट यांनी तारेने कळवली.

१७/
जायंट फॉरेस्टच्या जमिनीचेही झाले. काँग्रेसने तिच्यासाठी ५०,००० डॉलर मंजूर केले होते. मालकांना ७०,००० हवे होते. उरलेले २०,००० नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने भरले. त्या रात्री झाडाखाली झोपलेल्या संपादकाने शब्द पाळला, असे म्हणता येईल.

१८/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. कायदा केवळ एका यात्रेने झाला नाही. जे. होरेस मॅक्फार्लंड आणि त्यांची नागरी संघटना १९१० पासून अशा खात्यासाठी झटत होती. पर्यटक वाढावेत म्हणून रेल्वे कंपन्यांनीही प्रचारसाहित्याला पैसा पुरवला. हेच हेचीच्या पराभवाची बोच अनेकांच्या मनात होती. सरपण आधीच रचलेले होते, यात्रेने ठिणगी दिली. पण ठिणगीची गोष्ट सांगताना नेहमी मॅदर, ग्रोव्हनर, जिलेट हीच नावे येतात. म्हणून आता तीच वाट पुन्हा एकदा चालू, आणि या वेळी वाटेकडेच पाहू.

१९/
पहिला टप्पा : जायंट फॉरेस्टचा रस्ता. त्याची सुरुवात १८८६ साली कविया वसाहतीच्या समाजवादी सहकाऱ्यांनी केली. लाकडाचा सहकारी उद्योग काढून त्यावर समतेची वसाहत उभारायची, हे त्यांचे स्वप्न. यंत्राविना, हातांनी त्यांनी मैलोन्‌मैल डोंगर कोरला. १८९० साली सिक्वोया उद्यान झाले, त्यांचे जमिनीवरचे दावे नामंजूर ठरले, वसाहत मोडली. रस्ता अर्धवट राहिला, आणि श्रमाचा मोबदला मिळाला नाही.

२०/
तो पूर्ण केला १९०३ च्या उन्हाळ्यात कॅप्टन चार्ल्स यंग यांनी. यंग यांचा जन्म १८६४ चा, केंटकीत, गुलामगिरीत. वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयातून पदवी घेणारे ते तिसरे कृष्णवर्णीय अधिकारी. सिक्वोयाचे प्रभारी अधीक्षक म्हणून ते नवव्या घोडदळातील कृष्णवर्णीय सैनिकांना घेऊन आले आणि एकाच हंगामात गाडीरस्ता जायंट फॉरेस्टपर्यंत नेला. शिवाय उद्यानातील खासगी जमिनी सरकारने विकत घ्याव्यात म्हणून त्यांनी मालकांशी बोलणी करून किमतीही ठरवून घेतल्या. सरकारने तेव्हा काही केले नाही. ग्रोव्हनर यांना १९१५ मध्ये जे उमगले, ते यंग यांनी बारा वर्षे आधी लिहून कळवले होते.

२१/
शेवटचा टप्पा : टायोगा रस्ता. १८८२ मध्ये त्याची आखणी झाली आणि १८८३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५६ मैलांचा तो रस्ता अवघ्या १३० दिवसांत तयार झाला. तो खोदणाऱ्यांत चिनी मजूर मोठ्या संख्येने होते. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. त्याच १८८२ साली अमेरिकेने चिनी बहिष्कार कायदा केला : चिनी मजुरांना देशात प्रवेश नाही, चिनी स्थलांतरितांना नागरिकत्व नाही. दहा वर्षांसाठी केलेला हा कायदा १८९२ मध्ये वाढवला गेला, १९०२ मध्ये बेमुदत झाला, आणि १९४३ पर्यंत टिकला.

२२/
म्हणजे १९१५ च्या जुलैत टाय सिंग जेव्हा पाहुण्यांसाठी मेजपोस अंथरत होते, तेव्हा हा कायदा लागू होता. त्याच राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील एंजल बेटावर, चीनहून आलेल्या माणसांना कोंडून त्यांची उलटतपासणी घेतली जात होती. आठवडेच्या आठवडे अडकलेल्या त्या माणसांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. त्या आजही तिथे वाचायला मिळतात. डोंगरात सिंग यांचे कौतुक करणारी मंडळी मनापासून कौतुक करीत होती, यात शंका नाही. त्या कौतुकाने कायद्याचे एक अक्षरही हलले नाही.

२३/
पाहुण्यांपैकी एकाचे तर उलटेच. मॅडिसन ग्रँट यांनी १९१६ मध्ये 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' हा वंशवर्चस्वाचा पुरस्कार करणारा कुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याला प्रस्तावना होती हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न यांची. आदल्याच उन्हाळ्यात सिंग यांच्या हातचे जेवलेले तेच ऑस्बर्न. १९१७ च्या स्थलांतर कायद्याने बंदीचे क्षेत्र आशियाच्या मोठ्या भागावर पसरले. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानही आला. ग्रँट आणि ऑस्बर्न याच दोघांनी १९१८ मध्ये आणखी एका सहकाऱ्यासोबत कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्ष वाचवण्यासाठी संस्था काढली, आणि तिने खरोखरच राया वाचवल्या. झाडांविषयीची माया आणि माणसांविषयीचा तिरस्कार एकाच मनात सुखाने नांदू शकतो, हे या प्रकरणातून दिसते.

२४/
आणि ज्या पायवाटांवरून खेचरे चालली, त्या त्याहून जुन्या. पश्चिमेचे मोनो आणि पूर्वेच्या ओवेन्स खोऱ्यातील पायुट हे लोक शतकानुशतके सिएराच्या खिंडींतून ये-जा करीत. ओकच्या फळांच्या आणि मिठाच्या, ज्वालामुखी काचेच्या बाणाग्रांच्या व्यापाराच्या त्या वाटा. सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीने आणि तिच्यासोबत आलेल्या साथींनी त्यांची गावे उजाड केली. १८५१ मध्ये योसेमिटीच्या अवानीची लोकांवर सशस्त्र तुकडी चालून गेली. 'निर्मनुष्य रान' म्हणून जे पुढे जपले गेले, ते बऱ्याच ठिकाणी आधी माणसांपासून रिकामे केलेले रान होते.

२५/
टाय सिंग यांचे पुढे काय झाले? १९१८ साली सर्वेक्षणाच्या कामावर असतानाच एका अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे एक शिखर मात्र योसेमिटीच्या दक्षिण हद्दीवर आहे : सिंग पीक, उंची साडेदहा हजार फुटांहून अधिक. हे नाव रॉबर्ट मार्शल यांनी १८९९ मध्येच, म्हणजे सिंग हयात असताना, नकाशावर घातले होते. देशाने ज्या समाजाला नागरिकत्व नाकारले, त्या समाजातील एका आचाऱ्याचे नाव देशाच्याच अधिकृत नकाशावर चढले, कारण नकाशा करणारा त्याच्या हातचे जेवत होता.

२६/
१९१६ च्या कायद्याचा गाभा थोडक्यात असा : ही स्थळे लोकांनी उपभोगावीत, पण पुढच्या पिढ्यांसाठी ती अबाधित राखावीत. शंभर वर्षांनंतरही जगभरच्या संरक्षित क्षेत्रांच्या चर्चेत या सूत्राचा आधार घेतला जातो. ते सूत्र मोलाचे आहे, आणि ते मिळवण्यासाठी मॅदर यांनी वापरलेली युक्तीही अभ्यासण्यासारखी आहे : निर्णय घेणाऱ्याला जागेवर नेणे, त्याला चालवणे, त्याला तिथे झोपवणे. एखादी टेकडी, एखादी देवराई, एखादा किल्ला वाचवू पाहणाऱ्या कुणालाही ती आजही उपयोगी पडेल.

२७/
मात्र अशा कोणत्याही यात्रेचे जुने छायाचित्र हाती आले, तर मित्रांनो, मधोमध बसलेल्यांची नावे वाचून थांबू नका. कडेला कोण उभे आहे ते पाहा. चूल कोणाची, वाट कोणी खणली, खेचरे कोणी हाकली, आणि या वाटेवर आधी कोण राहत होते, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे बहुधा पगारपत्रकांत, सर्वेक्षण खात्याच्या टिपणांत, नकाशांवरच्या आडनावांत सापडतात. चार्ली टक, टाय सिंग आणि चार्ल्स यंग यांची आठवण अशाच कागदांनी टिकवून ठेवली. पुढच्या वेळी गडावर जाताना पायथ्याच्या गावी ज्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाल, त्यांचे नाव आपल्या प्रवासटिपणात अवश्य लिहून ठेवा. शंभर वर्षांनी कुणाला तरी त्याची गरज पडेल.